कणगी, खळे आणि लॅपटॉप

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की गोदावरीचा पूल येतो. पूल ओलांडून पुढे गेले की विष्णुपुरी. इथे गोदावरीचे पाणी अडवले आहे. त्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. पाण्यामुळे हे गाव शेतकऱ्यांच्या ओळखीचे होतेच. आता ते पोराबाळांमुळेही ओळखीचे झाले आहे. १९८१ साली इथे श्री गुरू गोविंदसिंहजी यांच्या नावाची अभियांत्रिकीची संस्था निघाली. पुढे १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. सकाळी एस.टी. थांबली की तिच्यातून दप्तर घेतलेली मुले उतरतात. त्यांतली कितीतरी मुले आपल्यासारख्यांच्याच घरची असतात.

आमच्या ओळखीचे एक काका लोहा तालुक्यातले. पाच एकरांचे शेतकरी. आमच्या रात्रीच्या वर्गातच ते वाचायला शिकले. २०२५ साली त्यांची मुलगी विष्णुपुरीला इंजिनियरिंगला लागली. घरे, रस्ते, पूल बांधण्याची विद्या ती शिकते आहे. २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या बऱ्याच घरच्या मुलींची कॉलेजची फी माफ केली आहे. त्यामुळे फीचा घोर नव्हता. वसतिगृह आणि जेवण यांची सोय काकांनी कशीबशी लावली. मग दसऱ्याच्या सुमारास पोरीचा फोन आला, "बाबा, लॅपटॉप लागतोय."

ते साल कसे होते हे तुम्हांला सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभे सोयाबीन पाण्यात गेले. सरकारी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. पण भिजलेल्या मालाला तो कोण देतो? ४,००० चा भाव धरा. मग ३५,००० रुपयांचा लॅपटॉप म्हणजे पावणेनऊ क्विंटल सोयाबीन झाले. काका आमच्याकडे आले नि म्हणाले, "गुरुजी, एकडाव घ्यायचंय. चार वर्षं टिकलं पायजे. तुमी संगं चला."

आम्हांलाही सारे कळते असे नाही. म्हणून आम्ही आधी विष्णुपुरीला गेलो आणि मुलीच्या वरच्या वर्गातल्या दोघी-तिघींना विचारले. दुकानदाराच्या आधी वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावे, हे आम्ही तिथे शिकलो. त्या म्हणाल्या, पहिले काही महिने कॉलेजच्या संगणकांवर भागते. खरे काम पुढे नकाशे काढायचे असतात तेव्हा पडते. ऑटोकॅडसारख्या नकाशाच्या प्रोग्रामला ८ जीबी रॅम ही खालची पायरी. १६ असेल तर बरे.

आता ही रॅम म्हणजे काय, आणि साठवण म्हणजे काय?

लॅपटॉपमध्ये दोन जागा असतात. एक कणगी आणि एक खळे. कणगीत माल भरून ठेवतात. यंत्र बंद केले तरी तो तिथेच राहतो. मुलीची पुस्तके, नकाशे, फोटो सारे कणगीत. हिला साठवण म्हणतात. काम चालू असताना मात्र माल खळ्यावर पसरावा लागतो. खळे म्हणजे रॅम. काम संपले, यंत्र बंद केले की खळे झाडून रिकामे. कणगी केवढीही मोठी असो, खळे चिमुकले असेल तर मळणी रखडते. दोन्ही जागा 'जीबी' या एकाच मापाने मोजतात, म्हणून माणसाचा घोटाळा होतो. दुकानातला पोरगा म्हणतो, "५१२ आहे काका!" तो कणगीचे माप सांगतो. खळ्याचे काय, ते आपण विचारायचे.

कणगीचेही प्रकार आहेत. जुना प्रकार हार्ड डिस्क. तिच्यात फिरती तबकडी असते. ती आपल्या पेवासारखी. मावते पुष्कळ, स्वस्तही पडते, पण उघडून माल काढायला वेळ लागतो. शिवाय चालू असताना धक्का बसला तर ती बिघडू शकते. दुसरा प्रकार एसएसडी. तिच्यात फिरते काहीच नाही. ती घरातल्या कणगीसारखी, हात घातला की माल हाती. साधी एसएसडीसुद्धा हार्ड डिस्कपेक्षा चार-पाच पट वेगाने माल देते. आजच्या घडीला एसएसडीच घ्यावी, यात आम्हांला शंका वाटत नाही. तिसरा प्रकार ईएमएमसी. तो अगदी स्वस्त यंत्रांत असतो, मुख्य पाटीवर कायमचा झाळलेला असतो, आणि बहुधा लहान असतो.

दुकानात असाच एक लॅपटॉप पहिल्यांदा पुढे आला. किंमत १९,०००. रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी, तीही ईएमएमसी. काकांचे डोळे चमकले. आम्ही म्हणालो, जरा थांबा. विंडोज अकरा हा जो मूळ प्रोग्राम यंत्रात असतो, त्यालाच किमान ६४ जीबी साठवण आणि ४ जीबी रॅम लागते, असे तो करणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतः सांगते. म्हणजे यंत्र नुसते उभे राहण्यापुरते झाले. पोरीने काम कशावर करायचे? पत्रे लिहायला, व्हिडिओ पाहायला ते चालेल. नकाशे काढायला नाही. १९,००० वाचले असे नाही. १९,००० गेले असते.

मग दोन यंत्रे उरली. किमती त्या दुकानातल्या, त्या दिवसाच्या आहेत.

एकाची किंमत ३३,०००. रॅम ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. दुसऱ्याची किंमत ३५,०००. रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी.

काका पाटीवरचे आकडे स्वतः वाचत होते. बोट ठेवून वाचले आणि म्हणाले, "ह्ये उलटं कामून? कणगी अर्धी अन् पैसे दोन हजार जास्त?"

प्रश्न अगदी बरोबर होता. दुकानदार भला माणूस होता. त्याने सांगितले की ३३,००० च्या यंत्रात रॅम पाटीवर झाळून टाकलेली आहे. ती काढता येत नाही. जादा पट्टी बसवायला खोबणही नाही. आज ८, चार वर्षांनीही ८. ३५,००० च्या यंत्रात रॅमच्या दोन खोबणी आहेत. एकीत ८ जीबीची पट्टी आहे. दुसरी रिकामी आहे.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हिरीवरच्या मोटरीसारखंच की. पाइप पुढच्या साली जोडता येतो. तीनची मोटर घेतली तर ती काय पाचची व्हत न्हाई."

आम्हांला जे सांगायला अर्धा तास लागला असता ते काकांनी दोन वाक्यांत सांगितले. साठवण म्हणजे पाइप. ती पुढे बहुतेक यंत्रांत वाढवता येते. २५६ ची एसएसडी काढून ५१२ ची घालता येते. नाहीतर बाहेरून लावायची डिस्क मिळते, पेन ड्राइव्ह मिळतो. रॅम मात्र बाहेरून लावता येत नाही. खोबण असेल तर वाढते. नसेल तर आहे तेवढीच. म्हणून जे पुढे वाढवता येत नाही त्यावर आज पैसा घालावा आणि जे पुढे वाढवता येते त्यात आज काटकसर करावी. हाच हिशेब दोन हजारांच्या मागे होता.

पण हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. मुलगा बी.ए. करीत असेल, त्याला लिहायचे-वाचायचे, अर्ज भरायचे एवढेच असेल, तर ८ जीबी त्याला पुरेल. त्याने ३३,००० चे यंत्र घेतले तर आम्ही त्याला वेडा म्हणणार नाही. उलट कणगी मोठी मिळाली.

२५६ जीबी पुरेल का, हे आम्ही मोजून पाहिले. यंत्र चालू केल्यावर त्यात २५६ दिसत नाही. २३८ दिसते. काका लगेच म्हणाले, "माप मारलं!" तसे नव्हे. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या अमलात दोन रुपये चालत, हाली शिक्का आणि कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. नाव दोन्हींचे रुपयाच. इथेही तसेच आहे. कारखानदार हजाराहजाराने मोजतो, यंत्र १,०२४ च्या हिशेबाने मोजते. माल तेवढाच असतो, आकडा मात्र कमी दिसतो. ५१२ चे तिथे ४७६ दिसतात. कोणी फसवलेले नसते. तर त्या २३८ मधून विंडोज आणि नकाशाचे प्रोग्राम मिळून ७० गेले, तरी दीडशेच्या वर उरते. फोनवरचा एक फोटो ४ एमबीचा धरला तर एका जीबीत अडीचशे फोटो बसतात. पोरीने लग्नकार्याचे व्हिडिओ त्यात कोंबले नाहीत तर दोन वर्षे चिंता नाही.

खोबण रिकामी आहे हे दुकानदार म्हणाला. पण आपण ते पाहावे कसे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. एक चौकट उघडते. तिच्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडावे. तिथे किती खोबणी आहेत आणि त्यांतल्या किती भरल्या आहेत ते दिसते. त्याखाली 'फॉर्म फॅक्टर' असे असते. तिथे 'सोडिम' आले तर पट्टी निघणारी आहे. 'रो ऑफ चिप्स' आले तर झाळलेली आहे असे समजावे. मुलीने हे करून दाखवले. कंपनीच्या नोंदीतही पाहावे. मात्र यंत्राचा पुरा नंबर पाहावा. नाव एकच आणि शेवटची दोन अक्षरे वेगळी, एवढ्यानेही आतले सामान बदलते. आणखी एक विचारावे: पुढे मागचे झाकण उघडून पट्टी घातली तर हमी राहते का? काही कंपन्या चालवून घेतात, काही आपल्याच माणसाकडून घालायला लावतात.

दुकानात एक जुना लॅपटॉपही होता, वापरलेला, १६,००० चा. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेली अशी यंत्रे कधी कधी फार दणकट असतात, आणि त्यांत खोबणीही असतात. आम्हांला तो मोह पडला होता. पण विंडोज दहाची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली. आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची यंत्रे विंडोज अकरासाठी मान्य नाहीत. हे यंत्र सहाव्या पिढीचे निघाले. लिनक्स नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम त्यावर चालला असता. पण ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही. राहिले.

मग पैशाची गोष्ट निघाली. दुकानातला दुसरा माणूस म्हणाला, "हप्त्यानं घ्या. महिना ३,२०० फक्त. बारा महिने." काकांनी खिशातून कागद काढला. बारा बत्तीसशे म्हणजे ३८,४००. रोख ३५,०००. मध्ये ३,४०० चा फरक. काका म्हणाले, "एका क्विंटलचं सोयाबीन न्हाई व्हय ह्ये?" काकांनी रोख दिले. थोडे पैसे बायकोने बचत गटातून काढून दिले होते.

कर सोडून घेतो, कच्ची पावती देतो, असेही कोणी म्हणते. ते ऐकू नये. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या टीव्हीचा कर कमी झाला, लॅपटॉपचा झाला नाही. पक्की पावती नसेल तर हमी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? काकांनी पावतीवर यंत्राचा पुरा नंबर लिहून घेतला. 'रॅम ८ जीबी, एक खोबण रिकामी' हेही लिहायला लावले. दुकानदार जरा हसला, पण त्याने लिहिले. काकांनी ते मोठ्याने वाचले आणि मग सही केली. अंगठा नव्हे, सही.

पुढची हकिगत अशी. यंत्र चांगले चालले आहे. मात्र आमचा एक अंदाज चुकला. संगणकाचे सुटे भाग वर्षावर्षाला स्वस्त होतात, असे आम्ही धरून चाललो होतो. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले. मोठमोठ्या कंपन्या कृत्रिम बुद्धीची यंत्रे उभारीत आहेत आणि त्यांना रॅम फार लागते. आपल्या गल्ल्यातल्या पट्टीवरही त्याचा भार पडला. मध्यंतरी वसतिगृहातल्या एका ताईने जुन्या लॅपटॉपातली ८ जीबीची पट्टी काढून दिली. पण ती डीडीआर४ जातीची निघाली. या यंत्राला डीडीआर५ लागते. दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे पट्टी बसलीच नाही. पोरीने जबरदस्ती केली नाही हे बरे केले.

नकाशांचे मोठे काम अजून यायचे आहे. खोबण रिकामीच आहे. कापूस विकला की बघू, असे काका म्हणतात.