नळीभोवती नळी: कुडाच्या घरात पाणी नेताना



जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 रोजी झाली. दर माणशी दर दिवशी 55 लिटर पाणी घरच्या नळाने द्यावे, असे तिचे माप आहे. त्यामुळे आता कितीतरी पाड्यांवर नळ अंगणापर्यंत येऊन ठेपला आहे. अंगणातला नळ आला की घरची बाई पहिली गोष्ट विचारते ती हीच, "दादा, हे पाणी मोरीत आणता येईल का?" येते. पण कसे आणायचे, हे आपल्यापैकी जे सुट्टीत हातभार लावायला पाड्यांवर जातात त्यांनी आधी समजून घ्यावे. मी बरीच वर्षे नळजोडणीचे काम करतो. त्यातला एकच धडा या अंकात घेतो.

शहरात गवंडी भिंतीला खाच पाडतो, पाइप बसवतो आणि वर सिमेंट थापतो. विटांची भिंत थोडीफार गळती सोसते. कारवीचा कूड सोसत नाही. कारवीच्या काठ्या, वर माती, वर शेणाचे सारवण अशी ती भिंत असते. तिच्या पोटात थेंब थेंब पाणी मुरत राहिले तर बाहेरून महिनाभर काही दिसत नाही. आत मात्र माती फुगते, काठ्या कुजतात, वाळवी लागते आणि ऐन पावसात भिंत बसते. पाण्याच्या सोयीपायी घर गेले, असे व्हायला नको.

म्हणून पाण्याची नळी कधीही नुसती भिंतीतून नेऊ नये. तिच्याभोवती दुसरी, मोठी नळी हवी. पाण्याची नळी 20 मिलिमीटरची असेल तर बाहेरची 40 किंवा 50 मिलिमीटरची घ्यावी. साधा पीव्हीसी पाइप चालतो. तो कुडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच बाहेर डोकावू द्यावा, आणि अंगणाकडचे तोंड किंचित खाली ठेवावे. मग आत कुठे पाणी झिरपले तरी ते भिंतीत न मुरता अंगणात ठिबकते. घरातल्या पोरालाही कळते की नळी फुटली.

आता मुख्य नियम. मोठ्या नळीच्या आत जोड असता कामा नये. एकही नाही. अखंड प्लॅस्टिकची नळी सहसा मधे गळत नाही, गळतो तो जोड. म्हणून वेटोळ्यात मिळणारी लवचीक निळी किंवा काळी पॉलिथिलीनची नळी घ्यावी. सीपीव्हीसीचे ताठ तुकडे डिंकाने जोडत जाण्याचे काम इथे उपयोगाचे नाही, कारण ताठ पाइप वळणावरून ओढून काढता येत नाही. एक जोड बाहेर कॉकजवळ आणि दुसरा आत नळाजवळ, दोन्ही डोळ्यांसमोर.

वळण मोठे ठेवावे. 20 मिलिमीटरच्या नळीला साधारण हातभर त्रिज्येचे वळण लागते. त्याहून आवळले तर ती चेपते, आणि टाकी फार उंच नसेल तर नळाची धार निम्मी होते. (दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब एक बार. अंगणातल्या तीन मीटरच्या मचाणावर टाकी असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. इतक्या दाबाला उगाच अडथळे नकोत.) बाहेरच्या नळीतही कोपऱ्याचा एल्बो लावू नये, नाहीतर आतली नळी तिथेच अडकते.

नळी ओढण्याआधी वेटोळे तासभर उन्हात पसरावे, म्हणजे ती नरम होते. टोकाला चिकटपट्टी लावावी, नाहीतर माती आत जाते. सरकायला साबणाचे पाणी पुरे, तेल लावू नये. मोठ्या नळीत आधीच नायलॉनची दोरी घालून ठेवली असेल तर दोन माणसांचे काम एक करतो. आणि नळी ताणून बसवू नका. पॉलिथिलीन उन्हाने बरेच लांबते, दहा मीटर नळी तीस अंशांनी तापली तर सुमारे पाच सेंटीमीटर. थंडीत तितकीच आखडते आणि जोड उपसते. थोडी नागमोडी राहू द्यावी.

इथे एक तक्रार करतोच. काम सुबक दिसावे म्हणून काही गवंडी दोन नळ्यांमधली फट सिमेंटने बुजवतात. मग नळी हलत नाही, निघत नाही, आणि गळतीचे पाणी बाहेर यायला वाटही उरत नाही. सारा खटाटोप वाया. उंदीर-विंचू शिरू नयेत म्हणून फटीत तारेची जाळी चुरगळून बसवावी, तेवढे पुरते. दुसरे, त्याच नळीतून दिव्याची वायर नेऊ द्यायची नाही, घरमालकाने कितीही आग्रह केला तरी.

अंगणातली नळी दीड फूट खोल पुरावी, बैलगाडी जाते तिथे अजून खोल. जमिनीवर येते तिथेही ती मोठ्या नळीतच असू द्या. निळ्या नळीला ऊन मानवत नाही.

माती लोटण्याआधी नळ बंद ठेवून, पाणी सोडून एक रात्र जाऊ द्यावी. दोन्ही जोडांखाली कोरडी राख पसरून ठेवावी. सकाळी राख ओली दिसली तर जोड पुन्हा करावा. आणि नळी कापताना मोरीच्या बाजूला दोन हात जास्त सोडून तिचे सैल वेटोळे भिंतीला टांगून ठेवा. पुढे टोक खराब झाले तर तेवढेच कापून, नळी पुढे ओढून घरचा माणूस स्वतः नवा जोड करू शकतो. त्याला तालुक्याहून मिस्त्री बोलवावा लागत नाही.