पाउली आणि चित्त

संत जनाबाईंचे जन्मगाव गंगाखेड आमच्या परभणी जिल्ह्यातच, गोदेच्या काठी. या मुलखात संध्याकाळच्या हरिपाठाला पोरे पाउली शिकतात ती कोणी न शिकवता. पुढच्या रांगेकडे बघायचे, टाळ धरायचा, बस्स. काही दिवसांत पाय आपसूक वळतात. पण ‘कितवे पाऊल मागे घ्यायचे रे?’ असे पुसा, पोर गोंधळते!

नियम सांगता येत नाही, तरी पायांना ठाऊक असतो. मग चित्त लावायचे कशाला, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत निसेन आणि बुलेमर यांनी १९८७ साली हेच तपासले. चार दिवे, जो लागेल त्याच्या खालची कळ दाबायची. दहा दिव्यांचा एक क्रम फिरून फिरून येई. तसे कोणाला सांगितले नव्हते, तरी हात झपाट्याने चालू लागले. स्मृती बिघडलेले रोगीही शिकले. मात्र त्याच वेळी कानावर पडणारे सूर मोजायला लावले, तेव्हा क्रम काही हाती बसेना.

जाण नसली तरी चालले. चित्त वाटले गेलेले चालले नाही. आम्ही वडीलधारे मात्र टाळ वाजवीत मनात पंगतीचा हिशेब करतो, आणि पोरे तर आमच्याच पायांकडे बघत असतात. परवा रांगेत चुकलो ते आम्हीच.