टोरंटवरून सिनेमा उतरवला, आता?

प्रश्न : मुलाने टोरंटवरून नवा सिनेमा उतरवला. नंतर ती साइट उघडली तर ‘न्यायालयाच्या आदेशाने बंद’ अशी सूचना दिसली. त्याला अटक होईल का?

उत्तर : घाबरू नका. ती सूचना साइटविरुद्ध आहे, मुलाविरुद्ध नाही. चोर अज्ञात असल्याने निर्माते ‘अशोक कुमार’ या कल्पित नावावर दावा लावतात आणि इंटरनेट कंपन्यांकडून साइट बंद करून घेतात. नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या साइटनाही तोच आदेश लागू करण्याची वाट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये खुली केली.

‘ढिशूम’ या सिनेमाच्या प्रकरणात २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की, चोरीची प्रत नुसती पाहणं हा गुन्हा नाही. पण टोरंटची गोष्ट वेगळी. फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्या संगणकावरून इतरांकडे जात असतात. म्हणजे मुलगा नकळत वाटपही करत होता. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. धंदा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.

माझ्या मते कारवाईचा रोख साइट चालवणाऱ्यांवरच असायला हवा. तुम्ही मात्र आजच ती फाइल आणि टोरंटचं अ‍ॅप दोन्ही काढून टाका.