दुःखाची कादंबरी होताना

गेल्या वर्षी या अंकासाठी मी एक कथा दिली होती. ती छापली गेली नाही. परत देताना सरांनी एकच प्रश्न विचारला, "यातली बाई अख्ख्या कथेत एकदाही बोलत का नाही गं?" मला राग आला. वेडी बाई काय बोलणार, असे मी मनात म्हटले. आज तो शब्द लिहिताना हात अडखळतो, पण तेव्हा म्हटले ते हेच.

ती बाई म्हणजे माझी आत्या. पहिल्या बाळंतपणानंतर तिचे बिनसले आणि सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडले. मला कळू लागल्यापासून ती आमच्याच घरात होती. कुणी म्हणे बाहेरचे आहे, कुणी म्हणे डोक्याचे. देवऋषी झाला, अंगारे झाले. गोळ्या फार उशिरा सुरू झाल्या. मी अकरावीत असताना ती गेली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. तेव्हा हे लिहिणार तर मीच, असे मी ठरवून टाकले होते. कथेत मी तिचे केस मोकळे सोडले, तिला अमावास्येला रडायला लावले आणि शेवटी विहिरीत उडी मारायला लावली. प्रत्यक्षात आत्या न्यूमोनियाने गेली, तालुक्याच्या दवाखान्यात, दोन दिवसांत. पण न्यूमोनियाने कथा संपते का कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी जेरी पिंटो यांची 'एम आणि हूमराव' ही कादंबरी वाचायला दिली. मूळ इंग्रजी पुस्तक २०१२ सालचे. मराठीत ते शांता गोखले यांनी आणले आहे. पिंटो मुंबईचे, गोव्याच्या वळणाच्या कुटुंबातले. मराठी वाचकाला ते परके नाहीत, कारण दया पवारांचे 'बलुतं' इंग्रजीत नेले ते त्यांनीच. ही त्यांची पहिली कादंबरी. तिला २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण पहिली कादंबरी म्हणजे तरुणपणीची उडी, असा माझा समज होता, तो इथे मोडला. १९६६ साली जन्मलेला हा लेखक वीस वर्षांहून अधिक काळ हेच पुस्तक लिहीत आणि खोडत होता. आणि मी माझी कथा एका रविवारी लिहून काढली होती!

माहीममधले एक लहानसे घर. आई इमेल्डा, तिला मुले एम म्हणतात. वडील ऑगस्टीन, तेच हूमराव. मुलगी सुझन आणि कथा सांगणारा मुलगा. या मुलाला लेखकाने शेवटपर्यंत नाव दिलेले नाही. एमचे मन कधी उधाणते, कधी खोल गर्तेत जाते. जीव देण्याचे प्रयत्न होतात, जे. जे. रुग्णालयातल्या वॉर्ड नंबर ३३ मध्ये खेपा होतात. आजार मुलाच्या जन्मानंतर सुरू झाला, असे एम त्या मुलालाच सांगते. त्या जागी मी पुस्तक मिटून ठेवले. आत्याचेही बाळंतपणानंतरच बिनसले होते. तिचे ते मूल आज कुठे आहे, त्याला हे कुणी सांगितले आहे का, हा विचार मला तोवर कधी शिवलाच नव्हता.

मात्र एम रडकी नाही. ती विड्या ओढते, चहा पिते, शब्दांच्या कोट्या करते, मुलांनी कानात बोटे घालावीत असे चावट बोलते. पुस्तकभर तीच बोलते; मुलगा बराचसा ऐकतो. लेखकाने आजाराचे वर्णन टाळलेले नाही, पण आजारी माणसाचे बोलणे त्याच्या कितीतरी पुढे ठेवले आहे. आपल्या गोष्टींतून अशी माणसे बहुधा दुरून दिसतात: खिडकीत, ओसरीच्या कोपऱ्यात, साखळीला. दुरून दिसणाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि लिहिणाऱ्याला ते सोयीचेही असते.

आईच्या मनोविकाराच्या सावलीत वाढल्याचे पिंटो यांनी मुलाखतींतून उघड सांगितले आहे. मग सरळ आत्मकथन का नाही? खरे सांगण्याचे त्यांना वावडे नाही. आजारी आप्तांविषयी इतरांनी लिहिलेले खरे अनुभव त्यांनी २०१६ साली एका पुस्तकात एकत्र केले. मला सुचणारे उत्तर असे. मुलाला आई भेटली ती आजारी पडल्यानंतरची. त्याआधी टायपिस्टची नोकरी करणारी, ऑगस्टीनबरोबर फिरणारी मुलगी त्याने पाहिलेलीच नाही. कादंबरीतला मुलगा तिची पत्रे आणि डायऱ्या वाचतो, दोघांना खोदून खोदून विचारतो आणि उरलेले मनाने रचतो. कल्पना इथे सत्य झाकायला आलेली नाही. जिथे साक्षीदार नव्हता तिथे ती साक्षीला उभी आहे. मीही कल्पना वापरली होती, पण विहीर खणण्यासाठी!

एमच्या आयुष्यात इतके प्रयत्न होऊनही शेवटी ती स्वतःच्या हाताने मरत नाही. नैसर्गिक मरणाने जाते. वाचक ज्याची धास्ती घेऊन बसलेला असतो ते लेखक होऊ देत नाही, आणि तरीही ते पान वाचवत नाही.

सगळेच आवडले असे नाही. सुझन मला फिकी वाटली; अशा घरात मुलीच्या वाट्याला जे येते ते आणखी यायला हवे होते. शिवाय एमला हूमराव मिळाला. न बोलता स्वयंपाक करणारा, दवाखान्यात नेणारा, सोडून न जाणारा. आत्याच्या नवऱ्याने एकदाही येऊन पाहिले नाही. तेव्हा ही कादंबरी काही माझ्या घराची नव्हे, हेही वाचताना सारखे जाणवत होते.

सुट्टी संपण्याआधी आत्या काय काय बोलायची ते आठवायला बसले. आधी काहीच आठवेना. मग एक आठवले. रात्री गोळी द्यायला गेले की ती म्हणायची, "ही तुझ्या बापाला दे. माझ्यापायी त्येलाच झोप न्हाई." म्हणायची आणि स्वतःच हसायची. हे मी कथेत का घातले नव्हते? हसू येते म्हणून.

आबांना विचारायचे धाडस त्यानंतर झाले. घरातले उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही, असे त्यांचे मत मला ठाऊक होते. जेवण झाल्यावर विचारले, "आबा, आत्या लग्नाआधी कशी होती?" ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "लई बोलायची आक्का. जत्रंत बांगडीवाला हात जोडायचा तिच्यापुढं." मी वही काढली. त्यांनी वहीकडे पाहिले.

"ह्ये लिवणार हाईस?"

"होय. नाव बदलून."

पुन्हा थोडा वेळ गेला.

"मग आक्का चौथीला पयली आली हुती," आबा म्हणाले, "त्ये बी लिव."