गिअरबॉक्स उतरविणारा जॅक : वापर आणि निगा

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग वर्सोवा पुलावरून वसईची खाडी ओलांडून वसई तालुक्यात प्रवेश करतो. चिंचोटीला भिवंडीकडचा रस्ता त्याला येऊन मिळतो. पुढे पेल्हार, शिरसाड, खानिवडे मागे टाकीत तो गुजरातच्या दिशेने जातो. या पट्ट्यात मालमोटारी दुरुस्त करणारी लहानमोठी गॅरेजे आहेत. वाहतुकीच्या कोंडीत क्लच वारंवार दाबावा लागतो, त्यामुळे क्लच प्लेट लवकर झिजते. आणि ती बदलावयाची तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. लहान मोटारीचा गिअरबॉक्स ३०-४० किलोंचा असतो, अवजड मालमोटारीचा २०० किलोंहूनही अधिक भरू शकतो. एके काळी हे ओझे दोघे-तिघे मिस्त्री दोर, फळी आणि छातीच्या बळावर खाली घेत. आता त्यासाठी हायड्रॉलिक ट्रान्समिशन जॅक वापरतात. मात्र तो हाताळणाऱ्या सर्वांनाच त्याचा गुणधर्म ठाऊक असतो, असे नाही.

हा गुणधर्म शाळेतल्या विज्ञानाबाहेरचा नाही. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धान्त फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला आणि इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. जॅकमधील लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ५ सेंटिमीटर असला, तर क्षेत्रफळ पंचवीसपट होते; लहान दट्ट्यावर १० किलोंचा जोर दिला की मोठा दट्ट्या २५० किलो उचलू शकतो. फुकट मात्र काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर जाण्यास लहान दट्ट्याला २५ सेंटिमीटर चालावे लागते, म्हणूनच दांडा पुनःपुन्हा मारावा लागतो. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. सुई नसलेल्या दोन कमीजास्त जाडीच्या सिरिंज, बारीक नळीचा तुकडा आणि पाणी एवढे साहित्य त्यास पुरते. नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा राहू दिला, तर दट्ट्या लिबलिबीत चालतो. जॅकच्या तेलात हवा शिरली की नेमके हेच घडते.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. उचललेले सारे ओझे तेलाच्या स्तंभावर उभे असते आणि ते तेल एका रबरी कड्याने, म्हणजे सीलने, अडवून धरलेले असते. सील फाटले किंवा झडपेत कचरा अडकला, तर ओझे खाली येते; कधी हळूहळू, कधी एकदम. म्हणून तेलाने उचलावे आणि लोखंडाने धरावे, हा गॅरेजातला पहिला नियम होय. ट्रान्समिशन जॅक गिअरबॉक्सचे वजन पेलण्यासाठी आहे, वाहन उचलण्यासाठी नव्हे. वाहन सपाट, टणक जमिनीवर, पुरेशा क्षमतेच्या लोखंडी घोड्यांवर उभे करून चाकांना पाचरी लावल्याखेरीज कोणीही त्याखाली शिरू नये. विटा व पोकळ सिमेंट ठोकळे घोडीच्या जागी मुळीच वापरू नयेत. ते भाराखाली पूर्वसूचना न देता फुटतात.

प्रत्यक्ष कामात आधी बॅटरीची तार सोडवावी, तेल काढून घ्यावे, प्रोपेलर शाफ्ट व क्लचची जोडणी मोकळी करावी. इंजिनाच्या मागील बाजूस स्वतंत्र आधार द्यावा, कारण गिअरबॉक्स निघाला की इंजिन मागे कलते. याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. मग जॅकची बैठक गिअरबॉक्सच्या गुरुत्वमध्याखाली आणून साखळी आवळावी आणि शेवटचे बोल्ट त्यानंतरच सोडावेत. गिअरबॉक्स मागे सरकविताना तो इंजिनाच्या सरळ रेषेत ठेवावा. त्याचा भार क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये. तेल परत सोडणारी झडप अगदी थोडी थोडी फिरवावी. ती एकदम उघडणे म्हणजे गिअरबॉक्स सोडून देणेच. उंचावर ओझे असता जॅक ढकलू नये. आधी पूर्ण खाली घ्यावा, नंतर हलवावा. जॅकवर लिहिलेल्या क्षमतेपलीकडे भार घालू नये व अतिभार-झडपेला हात लावू नये.

निगा राखण्याचे काम कंटाळवाणे खरे, पण वसईसारख्या ठिकाणी ते टाळता येत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने दट्ट्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंज चढतो आणि गंजाचा खरखरीतपणा सील कापतो. काम संपताच दट्ट्या पुसून पूर्ण खाली बसवावा. तेल निर्मात्याने सांगितलेलेच व दट्ट्या खाली असतानाच भरावे. ब्रेकचे तेल सील फुगवून निकामी करते, तर इंजिनातले वापरलेले तेल आपल्यासोबत कचरा आणते. हवा काढण्यासाठी झडप उघडी ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा मारावा. महिन्यातून एकदा भार उचलून, दट्ट्यावर खूण करून, दहा मिनिटे पाहावे. खूण सरकली तर जॅक दुरुस्तीस काढावा. ९ व १० जुलै २०१८ रोजी वसई-विरार परिसर जलमय झाला होता. अशा पुरात बुडालेल्या जॅकमधील तेल दुधासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे, व ते सर्व काढून टाकून सील तपासून घ्यावे.

बहुतेक लहान गॅरेजे इतकी थोडी माणसे ठेवतात की कारखानेविषयक तपासणी तेथे पोहोचत नाही. तेथील सुरक्षितता मालक व मिस्त्री यांच्याच हाती असते. पंचायत सदस्यांना मात्र एक गोष्ट निश्चित पाहता येईल : १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामास ठेवता येत नाही. ‘पोऱ्या’ म्हणून वाहनाखाली धाडला जाणारा मुलगा शाळेच्या पटावर आहे की नाही, हे शिक्षकांनाही विचारता येते.

ज्या कार्यालयांकडे स्वतःची वाहने व कार्यशाळा आहेत, तेथे जॅकची नोंद जडवस्तू नोंदवहीत असतेच. त्याच पानावर तेल बदलल्याची व तपासणीची तारीख लिहिण्यास वेगळा खर्च येत नाही. निर्लेखित जॅक लिलावात जसाच्या तसा विकला, तर तो थोडा रंग लागून एखाद्या गॅरेजात पुन्हा कामाला लागू शकतो. त्यासाठी तेल काढून, दट्ट्या कापून, तो केवळ भंगार म्हणूनच विकावा आणि तसा शेरा नोंदवहीत घ्यावा.