दोघांना एकच माप



१८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेने लोकलाजेस्तव आपले नवजात मूल मारले. कोर्टाने तिला फाशी सुनावली. अपिलात फाशी टळली. वर्तमानपत्रांतून मात्र साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. त्या मुलाला बापही होता, हे कोणाला सुचले नाही!

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून याला उत्तर दिले. बायको मेली तर पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच जन्मभर कोंडून का घ्यावे? विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण रूढीपुढे तो लुळा पडला. म्हणून ताराबाईंनी रूढीला आणि तिला आधार देणाऱ्या शास्त्रांनाच जाब विचारला. १८८५ साली महात्मा फुले यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि स्त्रीचळवळीला आपली पूर्वज भेटली.

यातून आपण काय शिकावे? २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरीही बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि सही केली नाही तर माहेर तुटते. भावाकडे असे पत्र कधी कोणी मागितले आहे काय? असा कागद घरात येईल तेव्हा ताराबाईंचा सवाल मोठ्याने विचारा: माप दोघांना एकच आहे ना?