दाढ काढण्याआधी

दसरा-दिवाळी झाली की धारूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर गडबड उडते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दारात ट्रक, ट्रॅक्टर येतात. भांडीकुंडी, अंथरूण, कोयते, पोरेबाळे, सारे वर चढते. मग ऊस संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, कारखान्याच्या आसपासची कोपी हेच घर.

अशा दिवसांत एखाद्याची दाढ दुखू लागते. दिवसा कामाच्या नादात कसे तरी निभते. रात्री ठणका लागतो. दवाखाना गाठावा तर खाडा पडतो. खाडा पडला की मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो. मग काय करायचे? कोणी दाढेत तंबाखूची चिमूट धरतो. कोणी बिब्ब्याचे तेल लावतो आणि हिरडी भाजून घेतो. शेवटी माणूस कंटाळून म्हणतो, "उपटून टाका एकदाची. कटकट तरी मिटंल!"

कटकट मिटते, हे खरे. पण दाढ गेली की त्या बाजूने भाकरी नीट चावत नाही. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात. खालची दाढ गेली असेल तर तिच्यावरची दाढ खाली उतरू लागते. एका दाढेपायी दोन-तीन दात अडचणीत येतात. म्हणून दाढ काढण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारावी. "डॉक्टर, ही दाढ वाचंल का?"

पुष्कळ वेळा ती वाचते. कशी, ते पाहू.

आपण म्हणतो, दाताला कीड लागली. पण दातात किडा नसतो, अळीही नसते. बाजारात बसून दातातली अळी काढून दाखवणारा माणूस हातचलाखी करतो. खरी गोष्ट निराळी आहे. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड चहा पितो, बिस्कीट खातो, ऊस चघळतो. त्यातली साखर जंतूंना मिळते आणि ते आंबट पाणी तयार करतात. या आंबट पाण्याने दाताचे कवच विरघळू लागते.

दाताचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण भाग. हाडापेक्षाही कठीण! पण त्यात एक उणीव आहे. हाड मोडले तर सांधते. जखम झाली तर कातडी भरून येते. कवच मात्र एकदा फुटले की पुन्हा उगवत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात.

धारूरच्या किल्ल्याचा तट आपण पाहिला आहे. एक चिरा निखळला की तिथून पावसाचे पाणी आत शिरते. आतली भर वाहून जाते. मग सारी भिंत फुगते आणि ढासळते. दाताचेही तसेच. कवचाला भोक पडले की कीड आतल्या मऊ थरात शिरते. तिथे ती झपाट्याने पसरते. वरून भोक राईएवढे दिसते, आत मोठी पोकळी झालेली असते. इथवर दुखत नाही, फार तर गारेगार पाणी लागते. कीड दाताच्या गरापर्यंत पोहोचली की मग ठणका. म्हणजे दुखू लागण्याच्या कितीतरी आधी दात बिघडलेला असतो.

भोक लहान आहे तोवर ते बुजवता येते. या कामावर संशोधकांनी पुष्कळ डोके चालवले आहे. १९७० च्या सुमारास लंडनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या दोघांनी दातासाठी एक सिमेंट बनवले. काचेची खास भुकटी घ्यायची, तिच्यात आम्लाचे पाणी कालवायचे. काही मिनिटांत ते घट्ट होते. हे सिमेंट दाताला आपण होऊन चिकटते.

पुढची गोष्ट आम्हांला अधिक आवडते, कारण ती आपल्यासारख्याच खेड्यांची आहे. १९८५ च्या सुमारास आफ्रिकेतल्या टांझानिया देशात यो फ्रेंकेन हे डच दंतवैद्य काम करीत होते. खेड्यात वीज नाही. विजेशिवाय दात कोरायचे यंत्र चालत नाही. मग दुखरा दात काढून टाकणे एवढेच हाती उरे. त्यांनी यंत्र बाजूला ठेवले. चमच्यासारख्या लहान हत्याराने हातानेच मऊ कीड खरवडून काढली आणि भोक सिमेंटने बुजवले. पुढे थायलंड आणि झिंबाब्वेच्या खेड्यांत या पद्धतीची परीक्षा झाली. लहान भोके अशी बुजवली तर दात वर्षानुवर्षे टिकतात, असे दिसून आले. बहुधा सुई टोचावी लागत नाही आणि यंत्राचा घर्रर्र आवाजही नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत हे सिमेंट घातले. फ्लोराइडची टूथपेस्टही तेव्हाच त्या यादीत आली.

कीड गरापर्यंत गेली असली तरी आशा सोडू नये. डॉक्टर आतला सडका गर काढतात, मुळाची नळी साफ करून भरतात आणि वर टोपी बसवतात. याला दोन-तीन खेपा लागू शकतात, खर्चही जास्त येतो. म्हणून भोक लहान असतानाच जावे. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारावे. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरला तर दातांचेच सरकारी महाविद्यालय आहे.

काही जण म्हणतात, वरची दाढ काढली की डोळे अधू होतात. हे खोटे आहे. दाताच्या नसा वेगळ्या, डोळ्याची नस वेगळी. या भीतीने कित्येक जण सुजलेला गाल घेऊन घरात बसतात. दाढ वाचण्याजोगी नसेल तर ती डॉक्टरकडून काढूनच घ्यावी. आत पू राहू देणे वाईट.

आता मिश्रीविषयी. पुष्कळ बाया दाढ दुखते म्हणून मिश्री सुरू करतात आणि मग ती सुटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने घटकाभर बधिर वाटते, पण कीड आत चालूच राहते. हिरड्या मात्र दात सोडू लागतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली. कर्करोगाआधी तोंडात येणारे पांढरे चट्टे मुख्यतः तंबाखू वापरणाऱ्यांतच सापडले. तेव्हा, बायांनो, मिश्रीला दाताचे औषध म्हणू नका.

ज्यांचे दात गेलेच आहेत त्यांनी कवळी बसवून घ्यावी. ती रात्री काढून पाण्यात ठेवायची असते. हाडात पक्का दात बसवण्याचीही रीत आहे. स्वीडनमधले ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडाचा अभ्यास करीत होते. हाडात बसवलेली टायटेनियम धातूची नळी काढू गेले, तर ती निघेना! हाड तिला घट्ट धरून बसले होते. त्यावरून १९६५ साली त्यांनी एका माणसाच्या जबड्यात धातूचे खिळे बसवून त्यांवर दात उभारले. असे दात चांगले टिकतात, पण गरिबाला खर्च झेपत नाही. जपानात नवा दात उगवावा म्हणून एका औषधाची माणसांवर चाचणी २०२४ साली सुरू झाली. ते औषध आपल्या गावी येईल तेव्हा येईल.

एक गोष्ट मात्र आजच करता येते. पोर झाडावरून पडले किंवा बैलाने डोके उडवले, आणि पुढचा पक्का दात मुळासकट निघाला. आपण तो फेकून देतो. फेकू नका. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला बोट लावू नका, घासू नका. मुळावर जिवंत धागे असतात, त्यांवरच तो पुन्हा रुजतो. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर बुडवून काढा. जमल्यास तिथल्या तिथे दात त्याच्या जागी बसवा आणि पोराला स्वच्छ फडके चावून धरायला सांगा. ते जमले नाही तर पेलाभर थंड दुधात दात ठेवा. फडक्यात कोरडा बांधू नका, पाण्यातही ठेवू नका. दुधात ते धागे काही तास तग धरतात. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही. पक्का असेल तर पेला हातात घेऊन लगेच निघा. तासाभरात दातांच्या डॉक्टरकडे पोहोचलात तर दात रुजण्याची आशा चांगली असते.